पाब्याचा सुळा

जावयाला जमिनीवर पालथं पडलेलं बघायला मला सात हजार किलोमीटर यावं लागलं.

रविवारची सकाळ होती. नेदरलँड्समधल्या झूटरमेरला माझ्या लेकीच्या, संहिताच्या घरी, हॉलच्या मधोमध अंबरीशराव पोटावर पडले होते. एका हातात मोबाईल, दुसऱ्या हातात चीजचा तुकडा, तो मोबाईलच्या डोक्यावर बरोबर मध्यावर धरलेला. समोर पाब्या. पाब्या म्हणजे त्यांचा कुत्रा. स्पेनमधल्या कुठल्याशा रस्त्यावरून एका संस्थेने उचलून इथे आणलेला, म्हणून कागदोपत्री पाब्लो. पण मराठी घरात आल्यावर पाब्लोचा पाब्या व्हायला किती वेळ लागणार?

"पाब्या, इकडे. इकडे बघ राजा. अरे चीजकडे नाही, लेन्सकडे!"

"चीज दाखवल्यावर तो चीजकडेच बघणार," मी म्हटलं. मी सोफ्यावर बसून मटार सोलत होते.

"आई, ते तंत्र आहे. त्याने डोळे लेन्सच्या रेषेत येतात."

"डोळे आले. बरोबर लाळही आली."

अंबरीशरावांच्या मागे संहिता उभी राहून किल्ल्या वाजवत होती, मधेच मांजरीचा आवाज काढत होती. पाब्याने आधी किल्ल्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, मग माझ्याकडे. ही माणसं बरी आहेत ना, असा प्रश्न त्या नजरेत होता आणि तो त्याने घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला विचारला होता. मी मान हलवली.

जेवायच्या वेळेपर्यंत एकशे शहाऐंशी फोटो झाले. मी मोजायला लावले. बावन्न हललेले, एकतीस जांभईचे, तेवीस नाक चाटतानाचे. काळ्या सोफ्यावर काढलेल्यांत तर कुत्राच दिसत नव्हता; पाब्या काळाकुळकुळीत, सोफा काळा, त्यामुळे अंधारात दोन डोळे आणि एक सुळा तेवढा तरंगत होता.

तो सुळा हीच सगळी अडचण.

स्पेनमध्ये कधीतरी पाब्याचा डावीकडचा वरचा ओठ फाटला होता. कुणीतरी तो शिवला, पण घाईत. तेव्हापासून डावीकडचा एक सुळा कायम बाहेर असतो आणि डावा कान अर्धाच आहे. उजवीकडून पाहिलं तर पाब्या एखाद्या निवृत्त मुख्याध्यापकासारखा सभ्य. डावीकडून पाहिलं तर आत्ता चावणार. स्वभावाने म्हणाल तर मांजर अंगावर आलं की हा माझ्या पायांमागे लपतो, आणि माझे पाय काही लपण्यासारखे राहिलेले नाहीत.

आता फोटोची एवढी तातडी कशाला? तर मे महिन्याच्या अखेरीस हे घर सोडायचं होतं. मालकाने घर विकायला काढलं होतं. दोन महिने शोधून दोनच जागा हाताशी उरल्या. एक रॉटरडॅमला, चौदाव्या मजल्यावर, कुत्रा चालणार नाही असं ठणकावून लिहिलेली. दुसरी इथेच, जुन्या गावाकडच्या भागात: खाली मालकीण विलमाबाई राहतात, वरचं घर भाड्याने, मागची बाग सामायिक. विलमाबाईंना चार कुटुंबांनी विचारलं होतं आणि चौघांकडेही कुत्रे होते. बाईंनी चौघांना एकच निरोप पाठवला: तुमच्याविषयी थोडं लिहा, कुत्र्याचा फोटो पाठवा, मी पुढच्या शुक्रवारी ठरवते.

घर मिळालं नाही तर रॉटरडॅम. रॉटरडॅम म्हणजे पाब्या परत संस्थेकडे. करारच तसा होता. संहिता हे बोलून दाखवत नव्हती. पण गेले आठ दिवस ती पाब्याच्या भांड्यात रोज मूठभर जास्त घालत होती, हे मी बघत होते.

"आई, बायोडेटाच आहे की हा," अंबरीशराव पाठ चोळत उठले. "तुम्ही यातल्या एक्सपर्ट. सांगा."

बायोडेटा म्हटल्यावर माझे कान टवकारले, तेही दोन्ही, पूर्ण. एकतीस वर्षं मी चिंचवडला वधू-वर सूचक मंडळ चालवलं. साडेचार हजार फोटो हातांखालून गेले. दुसऱ्याच्या गाडीवर हात ठेवून उभे असलेले मुलगे पाहिले, शेजारच्या बहिणीचा खांदा कापायचा राहिलेल्या मुली पाहिल्या, एका मुलाच्या सगळ्या फोटोंत टोपी, ट्रेकमध्येही टोपी, बारशातही टोपी. माझ्या वहीत उंची, शिक्षण, गोत्र असे सगळ्यांचे असतात तेच रकाने होते. शेवटचा रकाना मात्र माझा मी आखलेला, कुणाला न दाखवायचा: 'फोटोत नाही ते'. लग्नं त्या रकान्यावर जमली आणि त्याच रकान्यावर मोडली.

"फोटो कुणासाठी काढताय?" मी विचारलं.

"कुणासाठी म्हणजे? विलमासाठी."

"मग विलमाबाईंना काय बघायचंय हे ठाऊक आहे का?"

"आई, तिला कुत्रा बघायचाय," संहिता म्हणाली. "क्यूट कुत्रा. बाकीच्या तिघांचे गोल्डन बिल्डन असणार. आपला हा असा."

मग त्यांनी पाब्याला खिडकीजवळ नेलं. ते मात्र अंबरीशरावांनी शहाण्यासारखं केलं. खिडकीचा उजेड बाजूने पडला तशी काळ्या केसांवर चमक उमटली, पोटाखालचे तपकिरी केस दिसायला लागले, डोळ्यांत खिडकीचा छोटा पांढरा चौकोन आला. मोबाईल त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर धरला, स्क्रीनवर त्याच्या डोळ्यावर बोट टेकवलं आणि उजेड किंचित वाढवला. मी हे सगळं मन लावून पाहिलं. जावयाला काही येतं, हे कळलं की सासूने लगेच बोलून दाखवू नये, पण लक्षात ठेवावं.

एकशे त्र्याण्णवावा फोटो उजव्या बाजूचा होता, अगदी देखणा. तरी सुळ्याचं टोक नाकाखालून डोकावत होतंच. अंबरीशरावांनी मोबाईलवर बोट फिरवलं आणि सुळा गेला. आणखी एकदा फिरवलं आणि ओठ शिवल्याची खूण गेली.

"अंबरीशराव, तो सुळा परत ठेवा."

"आई, एक मिलिमीटर आहे हो."

"योगिनी काळभोरचा चष्माही एवढासाच होता. स्टुडिओवाल्याने फोटोतून काढला, मुलाकडच्यांना फोटो आवडला, बघायला आले तर मुलगी चष्मा लावून पोहे देतेय. मुलाचे वडील मला बाहेर घेऊन गेले. म्हणाले, ताई, चष्म्याचं काही नाही हो. पण आणखी काय आहे?"

"मग?"

"मग काय, मोडलं. त्या घरात तिघं चष्मेवाले होते."

"आई, हा कुत्रा आहे," संहिता म्हणाली. ती हे वाक्य आठवड्यातून पाचदा मला ऐकवते आणि त्याच कुत्र्याला रात्री पांघरूण घालते. ईमेल गेला.

सोमवार तसाच गेला. मंगळवारी मात्र मला राहवेना. फोटो गेला, पत्र गेलं, आणि चौकशी कुठाय? चिंचवडला असते तर एव्हाना विलमाबाईंच्या दूधवाल्यापासून माहेरच्या आडनावापर्यंत सगळं माझ्या वहीत आलं असतं. इथे दोघंही ऑफिसला गेली की दुपारी पाब्याला फिरवायचं काम माझ्याकडे होतं. कुठे फिरवायचं हे कुणी ठरवून दिलेलं नव्हतं. पत्ता मला माहीत होता.

या देशात चौकशीची फार सोय आहे. लोक पडदेच लावत नाहीत. रस्त्यावरून जाता जाता अख्खा दिवाणखाना दिसतो: कुणाकडे किती पुस्तकं, कोण एकटं जेवतं, कुणाच्या खिडकीत चिनीमातीची जोडी. विलमाबाईंच्या खिडकीत दोन पितळी कुंड्या होत्या आणि भिंतीवर पेन्सिलीने काढलेली कुत्र्यांची तीन चित्रं. तिन्ही म्हातारे कुत्रे. एकाच्या डोळ्यावर मोतीबिंदूचा सारा आलेला, तोसुद्धा चित्रात काढलेला. मी ते बघत किती वेळ उभी होते कोण जाणे.

"आत या हवं तर," शेजारून आवाज आला. "जवळून दिसेल."

दाराशेजारच्या बाकावर सत्तरीची एक बाई बसली होती, मांडीवर टॅबलेट, पायात बागकामाचे लाकडी बूट. इंग्रजी तिचंही बेताचं, माझंही बेताचं, त्यामुळे दोघींचं छान जमलं. मी म्हटलं, चित्रं चांगली आहेत. ती म्हणाली, मीच काढली, चाळीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. मग तिने पाब्याकडे पाहिलं. समोरून नाही, डावीकडूनच. पाब्याने सुळ्यासकट तिच्याकडे पाहिलं आणि तिच्या बुटाचा वास घेऊन तिथेच बसकण मारली.

"हा कुठे भांडला?"

"स्पेनमध्ये. पण भांडला नसणार. मार खाल्ला असेल."

तिने त्याच्या अर्ध्या कानामागे खाजवलं. वय विचारलं, नाव नाही. इथे असंच असतं. मग ती सरकली आणि तिने मला बाकावर जागा दिली. मी बसताना गुडघे कडाडले तशी ती माझ्या गुडघ्यांकडेही तितक्याच निवांतपणे बघत राहिली.

"तुम्हाला कुत्रे कळतात का?" तिने टॅबलेट माझ्यापुढे धरला. "वरचं घर द्यायचंय. चार फोटो आलेत. मला एकाशी बाग वाटून घ्यायचीय."

पहिला सोनेरी. दुसरा सोनेरी, गळ्यात बो. तिसरा इतका छोटा की कुत्रा की चप्पल कळेना. आणि चौथा आमचा, उजवीकडून, निवृत्त मुख्याध्यापक.

"हा कसा वाटतो?" मी अगदी तिऱ्हाइतासारखं विचारलं. एकतीस वर्षांची सवय.

"हा मला खरा वाटत नाही." तिने बोटांनी फोटो मोठा केला. "दोन दिवस बघतेय. हे बघा, ओठाजवळ केस उलट्या दिशेने उगवलेत. कुत्र्याला असे केस नसतात. इथे काहीतरी होतं आणि ते पुसलंय. पत्र चांगलं लिहिलंय, पण पुसलंय काय ते कळत नाही, म्हणून हा मी बाजूला ठेवलाय."

बाजूला ठेवलाय. मंडळात हा शब्द मी हजारदा वापरला होता. त्याचा अर्थ मला कुणी सांगायची गरज नव्हती.

खरं सांगायचं तर त्या क्षणी उठून निघून जाता आलं असतं. तिला नाव माहीत नव्हतं, गाव माहीत नव्हतं. घरी जाऊन म्हणता आलं असतं, अंबरीशराव, दुसरा फोटो पाठवा, कसं कळलं ते विचारू नका. पाब्याकडे पाहिलं तर तो तिच्या बुटावर हनुवटी टेकून डोळे मिटत होता.

मी त्याची हनुवटी उचलली आणि टॅबलेटशेजारी धरली. "पुसलंय ते हे."

तिने फोटो पाहिला. सुळा पाहिला. पुन्हा फोटो पाहिला. मग माझ्याकडे. हसली नाही.

"का पुसलं?"

"वाटलं, तुम्ही नाही म्हणाल."

"हं. आणखी काय पुसलंय?"

योगिनी काळभोरच्या सासरच्यांनी, म्हणजे होऊ न शकलेल्या सासरच्यांनी विचारलेला प्रश्न, वेगळ्या भाषेत, लाकडी बूट घालून माझ्यासमोर बसला होता. तेव्हा मी त्या वडिलांना सांगितलं होतं, काही नाही हो, अगदी काही नाही. चूक तिथे झाली होती. 'काही नाही' म्हणणाऱ्यावर कोण विश्वास ठेवतं?

म्हणून या वेळी मी शेवटचा रकाना वाचून दाखवला. पिवळं जाकीट घातलेल्या कुठल्याही माणसावर भुंकतो. सोफ्याची डावी बाजू खाल्लीय. फटाक्यांना घाबरून न्हाणीघरात जाऊन बसतो. घोरतो.

"आणि माणसं?"

"मुलगी माझी आहे, तेव्हा तिचं मी सांगितलेलं धरू नका. जावई सोफा खात नाही. घोरतो."

आता ती हसली, पण टॅबलेट उलटा करून ठेवल्यावर. "शुक्रवारी संध्याकाळी मी ठरवणार आहे. दुसरा फोटो पाठवा. खरा. आणि तुम्ही काढा."

"मी?"

"तुम्ही सगळं सांगता."

मी उठले. दोन पावलं गेले आणि परत फिरले, कारण अर्धवट स्थळ सोडायची मला सवय नाही. "आमच्याकडे फोटो दोन्हीकडून जातात," मी म्हटलं. "मुलाकडून आणि मुलीकडूनही. तुमच्या घराचे जाहिरातीत फार सुंदर फोटो होते."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. फक्त सांगितलं."

घरी जे झालं ते सविस्तर सांगत नाही. संहिताचा आवाज वरच्या पट्टीत गेला की तिला फक्त प्रश्नच सुचतात. "तू तिच्या खिडकीत डोकावलीस?"

"डोकावले नाही. पडदाच नव्हता."

"तू तिला सांगितलंस आम्ही फोटो एडिट केला?"

"तिला रविवारपासून माहीत होतं. फक्त कुणी केला ते माहीत नव्हतं."

अंबरीशरावांनी खिशात हात घातला. मग त्यांनी आपला मोबाईल माझ्यापुढे ठेवला. "घ्या आई. तुमचा कॅमेरा धुरकट येतो." माणूस चुकला की हत्यार दुसऱ्याच्या हातात देतो, हा गुण मी त्यांच्या रकान्यात त्या दिवशी नवीन लिहिला.

आता प्रश्न असा की चांगला फोटो म्हणजे कोणता? मंडळात येणाऱ्या पोरींना मी सांगायचे: स्टुडिओत जाऊ नका. घरी ज्या वेळी तुम्ही तुम्हीच असता त्या वेळी कुणाला तरी फोटो काढू द्या. एकीचा ओट्याशी पेपर वाचतानाचा आला होता, तीन स्थळांनी होकार कळवला. पण पाब्या पाब्याच कधी असतो? चीज समोर असताना तो भिकारी असतो. किल्ल्या वाजल्या की गोंधळलेला. झोपला की सतरंजी.

सहा आठवडे मी त्याच्यासोबत दिवसभर एकटी होते, तेव्हा हे मला ठाऊक असायलाच हवं होतं, आणि होतंही. रोज संध्याकाळी पाच वाजून दहा-बारा मिनिटांनी, कुठेही असला तरी, पाब्या उठतो. दाराजवळच्या लांब खिडकीशी जाऊन बसतो. अर्धा कान आणि पूर्ण कान, दोन्ही उभे. तीन-चार मिनिटं जातात, मग कुठे मला संहिताच्या सायकलचा आवाज येतो. तिच्या मडगार्डचा एक स्क्रू सैल आहे, त्यामुळे विटांच्या रस्त्यावर ती सायकल भांड्यांच्या पोत्यासारखी वाजते. माझ्या कानाला ती कोपऱ्यावर आल्यावर कळते. पाब्याला ती कालव्यापलीकडे असतानाच कळत असावी. ती दिसली की हा वेडा होतो, उड्या मारतो, शेपूट, जीभ, सगळं. ते ती रोज बघते. आधीची तीन-चार मिनिटं मात्र फक्त मी पाहिलेली होती.

बुधवारी मी तयारीत बसले. पाच दहाला पाब्या उठला. मी मोबाईल उचलला, तो कुलूपबंद. अंबरीशरावांचा अंगठा ऑफिसात. तोवर सायकल आली आणि फोटो आला तो नुसत्या शेपटीचा, माझ्या मोबाईलवर, धुरकट.

गुरुवारी कुलूप काढून घेतलं. खिडकीजवळ खालच्या स्टुलावर चारपासूनच बसले, म्हणजे मी त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर आले आणि तो मला विसरलाही. मटार घेतले. पाच दहा झाले. पाच वीस. पाब्या चटईवरच. पाच चाळीसला संहिता दारात उभी, ओलीचिंब. पाऊस म्हणून ट्रामने आली होती. ट्राममधून येणारी मालकीण पाब्याच्या हिशेबात नव्हती.

"आई, आता शुक्रवार. आणि शुक्रवारी मी घरूनच काम करते."

"मग जा."

"कुठे जा?"

"सायकल घे, चार वाजता निघ आणि सव्वापाचला ये. ऑफिसच्याच रस्त्याने ये."

"मीटिंग आहे माझी!"

"फोनवरची ना? सायकलवर ऐक. इथली माणसं सायकलवर सफरचंद खातात, छत्री धरतात, पोरं नेतात. तू मीटिंग ने."

शुक्रवारी चारला लेकीला मी तिच्याच घरातून बाहेर काढलं. ती गेली तसा पाब्या दाराशी जाऊन थोडा कण्हला, मग परत येऊन माझ्या स्टुलाशी पसरला. पाऊस थांबला होता, पश्चिमेकडून स्वच्छ उजेड आला होता. मोबाईल मी मटारच्या पातेल्याला टेकवून तिरका उभा केला, म्हणजे हात हलायला नको आणि त्याच्यावर काही रोखलंय असं त्याला वाटायला नको. अंबरीशरावांनी दाखवलं होतं तसं सगळं केलं. मग मटार सोलत राहिले. त्याला एकदाही हाक मारली नाही. पाच वाजता मला स्वतःचीच गंमत वाटली. चिंचवडला लोकांची घरं उभी करणारी मंजूषाताई, आणि इथे एका फाटक्या ओठाच्या स्पॅनिश स्थळासाठी श्वास रोखून बसलीय.

पाच बारा. पाब्याचा पूर्ण कान हलला. तो उठला, खिडकीशी गेला, बसला. अर्धा कान उभा राहिला. मान थोडी पुढे. मी पातेलं त्याच्याकडे वळवलं, स्क्रीनवर त्याच्या डोळ्यावर बोट टेकवलं, उजेड किंचित वर, आणि दाबलं. एकदा. मग थोड्या वेळाने आणखी एकदा. मला काहीच ऐकू येत नव्हतं. त्याला येत होतं.

मग भांड्यांचं पोतं कोपऱ्यावर वळलं.

संहिता आत आली, त्याच्या उड्या झेलत, हेल्मेटशिवाय, कानात मीटिंग. मी मोबाईल तिच्यापुढे धरला. तिने पाहिलं. मीटिंगमधल्या कुणाला तरी एक मिनिट म्हणाली आणि कानातलं काढलं.

काळा कुत्रा, केस न् केस दिसणारा. डोळ्यात खिडकीचा चौकोन. डावीकडून, पूर्ण डावीकडून: अर्धा कान, शिवलेला ओठ, बाहेरचा सुळा. पण चावणारा वाटत नव्हता. कुणाची तरी फार वेळ वाट बघताना माणूस नकळत ओठ चावतो ना, तसा दिसत होता.

"हा असा कधी असतो?" तिने विचारलं.

"रोज. तू यायच्या आधी."

"मी कधी बघितलाच नाही."

"तू कशी बघणार? तू रस्त्यात असतेस."

ती खाली बसली आणि पाब्याने तिचं तोंड चाटलं. मी पातेलं घेऊन आत गेले. मटार खरंच फार झाले होते.

ईमेल अंबरीशरावांनी लिहिला, मी सांगितला. पहिल्या ओळीत सुळा, दुसऱ्या ओळीत सोफा, तिसरीत पिवळं जाकीट. पाच पन्नासला तो गेला. सहा वाजले, सात वाजले. आठ वाजता संहिताने रॉटरडॅमच्या घराचा ईमेल उघडला आणि काही न लिहिता बंद केला. पाब्या तिघांकडे आळीपाळीने बघत होता.

उत्तर शनिवारी सकाळी आलं. अंबरीशरावांनी उभ्यानेच वाचलं.

"आई, ती म्हणतेय, हा कुत्रा मला ओळखीचा वाटतो." त्यांनी पुढचं वाचलं. "घर तुम्हाला द्यायचं ठरवलंय. पण हो म्हणण्याआधी सोबतचे दोन फोटो बघा, जाहिरातीत घातले नव्हते. आणि खास लिहिलंय, दुसरा फोटो तुमच्या आईंना दाखवा."

पहिला फोटो न्हाणीघराच्या कोपऱ्याचा होता. ओलीचा काळपट डाग, आणि शेजारी मोजपट्टी धरलेली, अठ्ठेचाळीस सेंटिमीटर. दुसरा जिन्याचा. वरून खाली काढलेला, इतका उभा की विहिरीत डोकावल्यासारखं वाटावं. पायऱ्या तेवीस, कठडा एकाच बाजूला. त्या बाईने माझे गुडघे नीट पाहून ठेवले होते तर.

अंबरीशरावांनी फोटो मोठा केला, लहान केला, आडवा केला.

"आई, हा जिना तर फोटोतच भयंकर दिसतोय हो."

"फोटोत दिसतोय ना? मग प्रत्यक्षात चढवेल," मी म्हटलं. "हो कळवा त्यांना."